स्मारकांचे प्रयोजन

एखाद्या थोर पुरुषाचे किंवा लोकविलक्षण घटनेचे स्मारक उभारावयाचे, असा विचार समाजात मूळ धरू लागला की त्याबरोबरच दोन पक्ष उभे राहतात, आणि पुढील सारा वाद बहुधा या दोन पक्षांतच चिघळत राहतो. एका पक्षाला स्मारकाची भव्यता हीच भक्तीची खूण वाटते, व म्हणून पुतळा किती फूट उंच असावा, त्याला किती टन धातू लागेल आणि तो किती कोसांवरून दृष्टीस पडेल, याच प्रश्नांत त्याची सारी कल्पकता खर्ची पडते; तर दुसऱ्या पक्षाला, ज्या गावात दवाखाना नाही आणि शाळेच्या छपरावरची कौले उडून गेली आहेत, त्या गावाने दगडाधातूवर द्रव्य वेचावे हा निखालस अपव्यय वाटतो. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात विचार करण्याजोगा अंश आहे. तथापि वरकरणी परस्परविरोधी दिसणाऱ्या या पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरलेली असते, ती ही की स्मारक ही एकदा पैसे मोजून बांधली आणि अनावरण करून सोडून दिली की पुरी होणारी वस्तू आहे. पहिला पक्ष त्या वस्तूचा आकार मोजतो, दुसरा तिची किंमत मोजतो, आणि ती वस्तू ज्या कारणासाठी असते ते कारण दोघांच्याही हिशेबातून निसटते.

या लेखात मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते थोडक्यात असे की, सार्वजनिक स्मारक म्हणजे हयात असलेल्या पिढीने चारचौघांच्या साक्षीने पत्करलेले एक दायित्व होय. दगड हा त्या दायित्वाचा केवळ दस्तऐवज आहे. ते दायित्व पिढ्यान् पिढ्या आचरणाने फेडले जात असेल तर एखादी झिजलेली पायरीसुद्धा महान स्मारक ठरते, आणि ते फेडले जात नसेल तर गगनाला भिडणारा पुतळाही मुदत संपलेल्या रोख्याप्रमाणे निरुपयोगी होऊन राहतो. हे मत कोणाला अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. यास्तव ते आपल्याच देशातील काही प्रत्यक्ष उदाहरणांवर घासून पाहणे उचित होईल.

प्रथम उपयुक्ततावाद्यांचा आक्षेप घेऊ, कारण तोच अधिक गंभीर आहे. दगडापेक्षा पाणी, औषध आणि विद्या द्या, असे ते म्हणतात, आणि या म्हणण्याला सौराष्ट्रातील गिरनारच्या पायथ्याशी असलेली एक शिळा फार बोलके उत्तर देते. या एकाच शिळेवर सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामन् याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा संस्कृत गद्यलेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या कारकीर्दीतील लेख असे तीन राजवटींचे लेख कोरलेले आहेत. रुद्रदामनाच्या लेखाचा विषय कोणते युद्ध किंवा कोणता यज्ञ नसून सुदर्शन नावाच्या एका तलावाचा फुटलेला बांध हा आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्त नामक अधिकाऱ्याने तो तलाव बांधविला, अशोकाच्या काळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाटांची जोड दिली, पुढे अतिवृष्टीने आणि तुफानाने बांधाला चारशे वीस हात लांबीचे भगदाड पडून सारे पाणी वाहून गेले, आणि हे काम आता होण्यासारखे नाही असे राजाच्या सचिवांनीच मत दिल्याने प्रजा हवालदिल झाली. तेव्हा सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने तो बांध पहिल्याहून मजबूत करून दिला, इतका सविस्तर मजकूर त्या लेखात आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र खर्चासंबंधीचे आहे. हा सर्व खर्च राजाने आपल्या खजिन्यातून केला, त्यासाठी नगरातील व जनपदातील लोकांवर कर, वेठबिगार किंवा देणग्यांची सक्ती लादली नाही, असे तेथे स्पष्ट नमूद आहे. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी बांध पुन्हा फुटला आणि पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित याने तो पुन्हा बांधला, हे त्याच शिळेवरील तिसरा लेख सांगतो.

आज सुदर्शन तलाव राहिलेला नाही; शिळा आहे. बांध फुटतात, इस्पितळांच्या इमारती जीर्ण होतात, आजची सोय उद्याच्या पिढीला अपुरी पडते, आणि उपयुक्त वस्तूचे आयुष्य तिच्या उपयोगापुरतेच असते. परंतु रयतेला न पिळता लोकोपयोगी काम करता येते, तज्ज्ञांनी अशक्य ठरवलेले काम एखादा कर्तव्यदक्ष अधिकारी तडीस नेऊ शकतो, आणि पूर्वीच्या राजवटीने केलेल्या चांगल्या कामाचे श्रेय नंतरच्या राजवटीने नावानिशी दिले पाहिजे, हा जो कारभाराचा आदर्श त्या शिळेने जपून ठेवला, तो तलाव एकट्याने जपू शकला नसता. तलाव आणि शिळा यांत निवड करा असे सांगणाऱ्यांना इतिहासाचे उत्तर असे आहे की, शहाण्या राज्यकर्त्यांनी तलाव बांधला आणि तो का, कसा व कोणाच्या पैशाने बांधला हेही लिहून ठेवले. लोकोपयोग आणि लोकस्मृती यांची सांगड येथे सहजपणे घातली गेली आहे. त्यांच्यात वैर असते, ही समजूत नंतरची आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी वाटेवर सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध लेख असलेले लेणे आहे. त्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या, आणि सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी त्यांची नावे वर लिहिली होती. प्रतिमा आज भग्न होऊन गेल्या आहेत, त्यांच्या पावलांच्या अवशेषांपलीकडे काही उरले नाही. नावे मात्र वाचता येतात. राजकुलाचे वैभव वाटसरूंच्या नजरेत भरावे म्हणून ज्या आकृती घडवल्या त्या कालौघात नष्ट व्हाव्यात, आणि त्यांची ओळख पटावी म्हणून जोडलेली अक्षरे तेवढी टिकावीत, यातून स्मारक बांधणाऱ्यांनी घेण्यासारखा बोध असा की, आकृतीपेक्षा अक्षराला अधिक आयुष्य असते, आणि म्हणून अक्षर लिहिताना अधिक सावध व सत्यनिष्ठ राहिले पाहिजे.

राजकुलाच्या या प्रतिमांहून वेगळी, सामान्य माणसाच्या स्मरणाची परंपरा आपल्या गावोगावच्या वीरगळांत दिसते. खालच्या चौकटीत गाईगुरांच्या रक्षणासाठी किंवा गावावरील धाडीशी झुंजताना पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, आणि शिरोभागी चंद्रसूर्य, असा या शिळांचा ठराविक विधी आहे. मुंबईजवळ बोरिवलीत एकसर येथे तर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेले वीरगळ आहेत. यांतील बहुसंख्य वीरांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. तरीही गावाच्या वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या त्या शिळेला शेंदूर लावणारी, सणावारी तिच्यापुढे नारळ फोडणारी माणसे शतकानुशतके निघत आली, आणि गावासाठी प्राण देणारा मनुष्य पूज्य होय, ही एकच गोष्ट ती शिळा त्यांना सांगत राहिली. नाव विसरले गेले, तरी दायित्व विसरले गेले नाही. याउलट आजच्या अनेक चौकांतील पुतळ्यांचे नाव, जन्मतिथी आणि अनावरण करणाऱ्या पुढाऱ्यांची नामावली संगमरवरावर ठळक असते, परंतु त्या पुरुषाने आपणांवर कोणते ऋण ठेवले, हे विचारले तर तेथून रोज जाणाऱ्याला दोन वाक्ये सांगता येत नाहीत.

मराठी मनाने निर्माण केलेली सर्वांत अर्थपूर्ण स्मारके उंचीकडे नव्हे तर जमिनीकडे झुकलेली आहेत, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, एवढीच आकांक्षा धरून नामदेवराय त्या पायरीशी समाधिस्थ झाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या पायरीसमोरच, मंदिराच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. ज्याला देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्या संताची समाधी देवाच्या दारात, आणि देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावरून नजर टाकल्यावाचून पुढे जाता येत नाही, अशी ही रचना आहे. वारकऱ्यांची भक्ती आणि हिंदू समाजाचा अपराध या दोहोंची साक्ष एकाच जागी देणारे याहून मर्मभेदी स्मारक मला तरी ठाऊक नाही. रायगडावर जगदीश्वराच्या प्रासादाशी गडाच्या बांधकामाची जबाबदारी वाहणाऱ्या हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरविले तेही पायरीच्या दगडावर, आणि स्वतःची ओळख सांगितली ती सेवेत तत्पर असणारा एवढीच. ज्याने राजधानी उभी केली त्याने आपल्यासाठी एका पायरीएवढी जागा मागावी, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही गड चढून आलेल्या मराठी माणसाने त्या दगडापाशी थांबून त्याचे नाव उच्चारावे, याचे कारण त्या दगडाच्या आकारमानात सापडणार नाही. ज्या कामाचे ते स्मारक आहे ते काम सभोवार उभे आहे, आणि त्या कामामागील वृत्ती त्या जागेवरूनच कळते.

स्मारकाचा अर्थ बांधणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, हा या विवेचनातील दुसरा मुद्दा होय. मुंबईच्या अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया या कमानीचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९११ च्या डिसेंबरात बादशहा पंचम जॉर्ज व महाराणी मेरी या बंदरावर उतरली, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ही कमान बांधण्याची तजवीज झाली. ३१ मार्च १९१३ रोजी कोनशिला बसवली गेली, जॉर्ज विटेट या वास्तुकाराने गुजराती वास्तुशैलीच्या वळणाने तिचा आराखडा केला, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कमानीसमोर थेट येणारा प्रशस्त मार्ग करावयाचा मनसुबा पैशाअभावी राहून गेला. सार्वभौम सत्तेचे आगमन चिरस्मरणीय करणाऱ्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी मायदेशी रवाना झाली. म्हणजे उद्घाटनापासून पुरी पंचवीस वर्षेही लोटण्याच्या आत आगमनाची कमान निर्गमनाची झाली. १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी तिच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आज तेथे जमणाऱ्या सहस्रावधी माणसांपैकी पंचम जॉर्जला मुजरा करावयास कोणी येत नाही. परगावाहून आलेली कुटुंबे समुद्र पाहावयास येतात, आणि शहरावर संकट आले की नागरिक आपले दुःख व निर्धार प्रकट करण्यासाठी तेथेच गोळा होतात. कमानीचा एकही दगड बदलला नाही, आणि तिचा अर्थ मात्र आमूलाग्र पालटला.

भीमा नदीकाठच्या कोरेगावचा स्तंभ हे या तत्त्वाचे अधिक प्रखर उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कंपनी सरकारच्या पलटणीने जो टिकाव धरला त्याच्या गौरवार्थ कंपनीने हा स्तंभ उभारला, आणि पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. कंपनीला आपल्या सत्तेची द्वाही फिरवावयाची होती. परंतु त्या नावांत महार शिपायांची नावे होती, आणि माणूस म्हणून ज्यांची गणना करावयास गावगाडा तयार नव्हता त्यांची नावे दगडावर लिहिली गेली, ही गोष्ट कंपनीच्या हेतूपेक्षा फार मोठी ठरली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, आणि त्या दिवसापासून तो स्तंभ साम्राज्याच्या दफ्तरातून निघून आत्मसन्मानाच्या चळवळीच्या हाती आला. दरवर्षी त्या तिथीला तेथे लोटणारा जनसमुदाय ईस्ट इंडिया कंपनीचा जयजयकार करावयास येतो असे ज्याला वाटते, त्याला स्मारके कशी जगतात हेच कळलेले नाही. त्या लढाईचा लष्करी निकाल काय लागला, कोणी केव्हा माघार घेतली, यावर इतिहासकारांनी अवश्य खल करावा. परंतु पूर्वजांच्या शौर्याची लेखी नोंद सापडलेल्या समाजाने त्या नोंदीशी आपले नाते जोडावे, हा त्याचा हक्क त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

त्याच १९२७ सालची दुसरी घटना स्मारकाच्या विचाराला आणखी खोल नेते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदोपत्री सारे काही झाले होते. पाणी मात्र कोणाला पिता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी प्राशन केले, त्यांच्यामागून हजारो लोकांनी केले, आणि मग कोर्टकज्जे होऊन १९३७ साली हायकोर्टाच्या निकालाने त्या हक्कावर कायम मोहोर उठली. चवदार तळे पूर्वीही होते आणि आजही आहे. त्याला कोणी स्मारक म्हणून बांधले नव्हते. व्हिएन्नाच्या आलोइस रीगल या कलेतिहासज्ञाने १९०३ साली, हेतुपुरस्सर उभारलेली स्मारके आणि कालांतराने स्मारकत्व पावलेल्या वास्तू असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्या वर्गाचे याहून उत्तम उदाहरण मिळणे कठीण. माणसाच्या एका कृतीने पाणवठ्याला अर्थ दिला, आणि तेथे जाऊन आजही ओंजळ भरणारा मनुष्य केवळ स्मरण करीत नाही, तर त्या कृतीचा भागीदार होतो.

येथवर जी उदाहरणे पाहिली त्यांवरून असे दिसते की, स्मारकाला जिवंत ठेवणारी शक्ती लोकांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या कृतीत आहे. ही कृती थांबली की काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि तो विसरण्यासारखा नाही. १६८० साली ज्यांचा रायगडावर अंत झाला त्या छत्रपतींची समाधी, १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर, झाडाझुडपांत बुजून गेली. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने तिच्या दुर्दशेबद्दल हळहळ व्यक्त केली, हे वाचून लज्जा वाटणे स्वाभाविकच होते. परंतु त्याच्याही आधी, १८६९ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी शिवरायांचा पोवाडा प्रसिद्ध केला होता, आणि रायगडावर जाऊन त्यांनी समाधीची जागा साफ केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८९५ साली लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली, १८९६ साली गडावर उत्सव झाला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रत्यक्ष जीर्णोद्धार घडून आला. फुल्यांना शिवाजी शेतकऱ्यांचा राजा म्हणून वंद्य होता, टिळकांना स्वराज्याचा संस्थापक म्हणून; दोघांच्या दृष्टीतील अंतर लहान नव्हते, व त्यावरून पुढे वादही पुष्कळ झाले. तरीही दोन्ही वाटा एकाच समाधीपाशी पोहोचल्या. खऱ्या स्मारकाला एवढी रुंदी असावी लागते की परस्परांशी वाद घालणाऱ्या दोन विचारांना तेथे उभे राहता यावे. एकाच पक्षाला, एकाच जातीला किंवा एकाच निवडणुकीला पुरेल एवढ्या अरुंद जोत्यावर उभारलेले स्मारक तेवढ्यापुरतेच टिकते.

आता भव्यतेच्या प्रश्नाकडे येऊ. उंच पुतळे उभारूच नयेत, असे मी म्हणत नाही. सरदार पटेलांचा नर्मदाकाठचा १८२ मीटर उंचीचा पुतळा धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावच्या राम सुतार यांच्या कल्पनेतून साकारला, आणि त्यातील शिल्पकौशल्याचा मराठी माणसाला अभिमान वाटणे रास्तच आहे. गावोगावी उभ्या असलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यांबद्दल तर अधिकच जपून बोलले पाहिजे. कारण ज्या वस्तीला शतकानुशतके गावाच्या मध्यभागी उभे राहण्याचीही मुभा नव्हती, तिने वर्गणी काढून हाती संविधान घेतलेला पुतळा चौकात उभा करणे, हा सार्वजनिक जागेवरील आपल्या समान हक्काचा उच्चार आहे, आणि त्याला पैशाचा अपव्यय म्हणणाऱ्याने आधी त्या चौकाचा इतिहास वाचावा. आक्षेप आहे तो उंचीलाच आदराचे माप समजण्याला, आणि उतावीळपणाला. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. ज्याने समुद्रात सिंधुदुर्ग बांधला, आणि ज्याच्या दुर्गांच्या भिंती लाटांचा मारा खात अद्याप उभ्या आहेत, त्या पुरुषाच्या पुतळ्याची सिंधुदुर्गासमोरच ही गत व्हावी, याचे शल्य प्रत्येक मराठी अंतःकरणाला झाले. त्या दिवशी कोसळले ते धातूचे काम. परंतु पाया, वारा, खारी हवा, धातूची जाडी आणि देखभाल यांचा विचार समारंभाच्या तारखेपुढे गौण ठरविणारी जी वृत्ती आहे ती अद्याप उभी आहे, आणि स्मारकाविषयीच्या आपल्या समजुतीतील दोष तिच्यातच आहे. शिवाजी महाराजांच्या स्मरणाचे दायित्व म्हणजे त्यांच्यासारखे चोख बांधणे होय. हिरोजीची पायरी हेच सांगत आहे.

नको झालेल्या स्मारकांचे काय करावे, हा प्रश्न स्वतंत्र देशात अपरिहार्यपणे उद्भवतो. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी नजर केलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा मुंबईत १८७२ पासून उभा होता. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. परसत्तेखाली दबलेल्या तरुणांचा तो संताप होता, आणि ज्यांना कौन्सिलात वा कचेरीत दाद मागण्याचा मार्ग नव्हता त्यांनी तो निवडला, हे समजण्यासारखे आहे. स्वराज्यात मात्र मार्ग निराळा असला पाहिजे. प्रिन्स ऑफ वेल्स असताना मुंबईस आलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ पासून ज्या चौकात होता, तेथून तो १९६५ साली हलवून भायखळ्यास संग्रहालयाच्या आवारात नेण्यात आला. लोकांच्या बोलण्यात मात्र त्या जागेचे काळा घोडा हे नाव कायम राहिले, आणि २०१७ साली त्या परिसरात स्वार नसलेला घोडा पुन्हा उभा राहिला. पुतळा नष्ट न करता हलवावा, तो इतिहासाचा पुरावा म्हणून पाहता यावा, आणि पूजेच्या जागेवरून मात्र तो उठावा, ही रीत मला सुसंस्कृत समाजाला साजेशी वाटते. मुंबईच्याच हुतात्मा चौकात १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण वेचलेल्यांचे, मशाल धरलेल्या शेतकऱ्याचे व कामगाराचे स्मारक, ही दोन्ही आज शेजारी शेजारी उभी आहेत. एका रोमन देवतेचे कारंजे फोडल्याने हुतात्म्यांचा मान तसूभरही वाढला नसता. ज्या जागी गोळ्या झाडल्या गेल्या त्या जागेला त्यांचे नाव मिळाले, आणि महाराष्ट्रदिनी राज्याला तेथे नतमस्तक व्हावे लागते, यात त्यांचा मान आहे.

या सर्व विवेचनावरून स्मारक उभारू इच्छिणाऱ्या कोणत्याही गावाने, नगरपालिकेने किंवा सरकारने आपल्यावर काही अटी घालून घेतल्या पाहिजेत असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. पहिली अट लेखाची: स्मारकावर कोणाचे, कशासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या श्रमाने ते उभे राहिले, याचा खरा व सुबोध मजकूर असावा, आणि रुद्रदामनाच्या लेखाप्रमाणे तो कारागिरांना व पूर्वसूरींना श्रेय देणारा असावा, अनावरण करणाऱ्या मंत्र्यांची यादी ही त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरी अट जागेची: तेथे मुलाला खेळता, वृद्धाला बसता आणि परक्याला निर्धास्तपणे उभे राहता आले पाहिजे, कारण ज्या जागेला कुंपण आणि कुलूप पडले ती सार्वजनिक उरत नाही. तिसरी अट देखभालीची: बांधकामाच्या खर्चाची मंजुरी देतानाच पुढील पन्नास वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद करावी, आणि ती नसेल तर मंजुरीच देऊ नये. सरकारने प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी १९०४ साली आणि पुन्हा १९५८ साली कायदे केले. परंतु आज बांधले जाणारे स्मारक उद्याचे प्राचीन स्मारक आहे, ही दृष्टी आपल्या अंदाजपत्रकांत अद्याप आलेली नाही. चौथी आणि सर्वांत कठीण अट आचरणाची: ज्याचे स्मारक करावयाचे त्याच्या कार्यातील कोणता भाग आम्ही वर्षानुवर्षे चालविणार, हे आधी ठरवावे. जोतीराव व सावित्रीबाईंचे स्मारक करणाऱ्या गावाने आपल्या एकाही मुलीची शाळा मध्येच सुटणार नाही याचा जिम्मा घ्यावा, आणि चवदार तळ्याला वंदन करणाऱ्या सरकारने एकाही वस्तीचा पाणवठा जातीच्या नावावर वेगळा राहू देऊ नये.

या अटी जाचक आहेत, व त्या पाळल्या तर स्मारकांची संख्या घटेल, असे कोणी म्हणेल. ती घटावी, हेच योग्य होईल. समाजाला जेवढे दायित्व खरोखर पेलवते तेवढीच स्मारके त्याने उभारावीत, आणि उभारलेली मात्र अशी जपावीत की पुढच्या पिढीला त्यांचा अर्थ पुस्तकात शोधावा लागू नये, तो आपल्या गावच्या कारभारात दिसावा. थोर माणसांना आपल्या पुतळ्यांची गरज नसते; त्यांच्या कार्याची परंपरा खंडित होऊ नये ही गरज आपली आहे. ही गरज ओळखून जो समाज दगड रोवतो, त्याच्या हाती शेवटी दगडाहून मोठे काही उरते: आपण कोणाचे वारस आहोत आणि त्या वारशापोटी आज आपण काय देणे लागतो, या प्रश्नांना प्रामाणिकपणे उत्तर देण्याची शक्ती. ती शक्ती ज्याच्यापाशी नाही त्या समाजाने कितीही उंच शिखरे रचली तरी ती त्याला मोठी करू शकणार नाहीत.